दहा वेळा नऊ

२९ डिसेंबर १९९७. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन बंदर. पहाटेचे सव्वादोन वाजून गेले होते. तटरक्षक दलाच्या कक्षात बिनतारी संचावर एक हाक आली. ती काही क्षणांची, खरखरीत बुडालेली आणि पुरती न समजलेली होती. पाळीवरच्या जवानाने दोनदा उलट हाक दिली, पण उत्तर आले नाही. कोण बोलले, कुठून बोलले, काय हवे होते, यांपैकी काहीच हाती नव्हते, आणि प्रकरण तेथेच थांबले. ‘मॉर्निंग ड्यू’ नावाची एक हौशी शिडाची नौका त्या रात्री बंदराच्या तोंडाशी असलेल्या दगडी बांधावर आदळली होती. नौकेवरील चौघेही मृत्युमुखी पडले. पुढे ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐकले तेव्हा त्या हाकेत ‘मेडे’ हा शब्द असल्याचे कळले. समुद्रावर ‘मेडे’ म्हणजे ‘आम्हाला वाचवा’.

या घटनेवर अमेरिकेत बरीच चौकशी झाली, आणि किनाऱ्यावरची जुनी बिनतारी यंत्रणा बदलण्याच्या कामाला तिच्यामुळे जोर आला. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे. हाक मारणाऱ्याचे नाव आणि ठिकाण या दोनच गोष्टी त्या हाकेबरोबर पोहोचल्या असत्या तर? शब्द कळले नसते तरी शोध कुठे घ्यायचा हे कळले असते.

नेमके हेच काम करणारी एक पद्धत त्या वेळी अस्तित्वात होती, आणि मोठ्या जहाजांवर ती बसवली जात होती. तिचे नाव डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, थोडक्यात डीएससी. मराठीत तिला ‘निवडक अंकीय हाक’ म्हणता येईल. आज अमेरिकेत हौसेने मासे धरायला समुद्रात जाणाऱ्यांच्या छोट्या बोटींवर जो बसवलेला रेडिओ असतो, त्यात ही सोय असतेच. तरीही तिचा लाभ जितका व्हायला हवा तितका झालेला नाही. या लेखात त्या अपयशाची तपासणी करायची आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. या पद्धतीमागचे विज्ञान पक्के आहे. ती माणसाच्या हाती देताना मात्र दोन महत्त्वाची कामे त्याच्या माथी मारली गेली, आणि ती झाली की नाही हे त्याला संकटाआधी कळावे अशी व्यवस्था कोणी केली नाही.

हाकेच्या पोटात काय असते?

सागरी व्हीएचएफ रेडिओवर संकटाची तोंडी हाक चॅनेल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर देतात. डीएससीसाठी चॅनेल ७० राखून ठेवला आहे. त्याची वारंवारता १५६.५२५ मेगाहर्ट्‌झ. या चॅनेलवर बोलायचे नसते, तेथे फक्त आकडे जातात. शून्य आणि एक यांसाठी १३०० व २१०० हर्ट्‌झ असे दोन स्वर ठरलेले आहेत आणि सेकंदाला १२०० अंक या वेगाने ते पाठवले जातात. सबंध हाक एका सेकंदाच्या आत संपते.

रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की संकटाची हाक जाते. तिच्यात ११२ हा संकटाचा सांकेतिक आकडा, बोटीचा नऊ अंकी ओळख क्रमांक, संकटाचा प्रकार, बोटीचे स्थान आणि वेळ एवढ्या गोष्टी असतात. किनाऱ्यावरून पोच येईपर्यंत यंत्र साधारण चार-चार मिनिटांनी ही हाक आपणहून देत राहते. बोलणाऱ्याचा आवाज कापत असला, भाषा वेगळी असली किंवा तो पाणी उपसण्यात गुंतलेला असला तरी हाक चालूच राहते.

स्थान दहा अंकांत मांडलेले असते. पहिला अंक पृथ्वीचा चतुर्थांश सांगतो. ईशान्येसाठी ०, वायव्येसाठी १, आग्नेयेसाठी २ आणि नैर्ऋत्येसाठी ३. पुढचे चार अंक अक्षांशाचे आणि शेवटचे पाच रेखांशाचे. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाजवळचे ३२ अंश ४५ मिनिटे उत्तर, ७९ अंश ५२ मिनिटे पश्चिम हे ठिकाण घेतले, तर आकडा होतो १३२४५०७९५२. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. एवढ्या दहा अंकांनी शोधाचे क्षेत्र हजारो चौरस किलोमीटरवरून दोन-चार चौरस किलोमीटरवर येते.

आणि रेडिओला स्वतःचे स्थान माहीतच नसेल तर? तर त्या दहा जागी यंत्र दहा वेळा नऊ पाठवते : ९९९९९९९९९९. अर्थ असा की ‘मी संकटात आहे, पण कुठे आहे ते मला ठाऊक नाही.’ या दहा नऊंकडे आपण पुन्हा येणार आहोत.

वर्गात करून पाहण्याजोगे

लाटांवर हेलकावणाऱ्या अँटेनातून येणारे हे अंक वाटेत बिघडणारच. तो बिघाड ओळखण्याची या पद्धतीतील युक्ती आठवी-नववीच्या वर्गातही समजावून देता येईल.

अंक दोन-दोनच्या जोड्यांनी पाठवले जातात. प्रत्येक जोडी ०० ते ९९ यांमधली एक संख्या असते आणि ती द्विमान पद्धतीच्या सात अंकांत लिहितात. ९९ म्हणजे ११०००११. यात शून्ये किती? तीन. तीन ही संख्या द्विमान पद्धतीत ०११. ती मागे जोडायची, म्हणजे एकूण दहा अंक झाले : ११०००११ ०११. (प्रत्यक्षात सात अंक उलट क्रमाने जातात. येथे सोयीसाठी नेहमीचा क्रम घेतला आहे.) आता वाटेत एखादे शून्य बिघडून त्याचा एक झाला, तर शून्ये उरतील दोन, पण मागची नोंद सांगेल तीन. ग्राहक यंत्राला चूक कळली.

सात विद्यार्थ्यांना ओळीत उभे करावे. हात वर म्हणजे एक, हात खाली म्हणजे शून्य. आणखी तिघे नोंद धरून उभे राहतील. एका विद्यार्थ्याने ‘लाट’ होऊन गुपचूप कोणाचा तरी हात बदलावा आणि बाकी वर्गाने चूक पकडावी. थोड्या वेळाने एखादा चतुर विद्यार्थी एकाच वेळी एक हात खाली आणि दुसरा वर करील. ११०००११ चे १०१००११ होईल, म्हणजे ९९ चे ८३. शून्ये तीनच राहतील आणि चूक निसटेल. हाच प्रश्न अभियंत्यांपुढेही होता. म्हणून प्रत्येक जोडी थोड्या अंतराने दुसऱ्यांदा पाठवतात आणि शेवटी साऱ्या हाकेची मिळून आणखी एक तपासणी जोडतात. एकाच खरखरीने दोन्ही प्रती बिघडू नयेत यासाठी दोन प्रतींमध्ये इतर अंक घातलेले असतात. एक संकेत, पण पहारे तीन.

वायरीचा प्रश्न

आता हे सारे कौतुक बाजूला ठेवून किनाऱ्यावर काय पोहोचते ते पाहू. अमेरिकन तटरक्षक दलाने २०१० च्या सुमारास बोटमालकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. आपल्याकडे येणाऱ्या डीएससी संकटहाकांपैकी सुमारे ९० टक्के हाकांत स्थान नसते आणि सुमारे ६० टक्के हाकांत नोंदणी झालेली ओळख नसते, असे त्यात म्हटले होते. दहांतील नऊ हाकांमध्ये ते दहा नऊ होते.

याचे कारण विज्ञानात नव्हते, एका वायरीत होते. त्या काळच्या बहुतेक रेडिओंना जीपीएस बाहेरून जोडावा लागे. बोटीवर जीपीएस असे, रेडिओही असे, दोघांमध्ये हातभराचे अंतर असे. मधल्या वायरींचे रंग मात्र एका उत्पादकाचे एक तर दुसऱ्याचे दुसरे. कोणती वायर माहिती देणारी आणि कोणती घेणारी हे पुस्तिकेतून शोधायचे, टोके सोलून जोडायची आणि वर खारे पाणी लागणार नाही असे बांधायचे, हे काम विकत घेणाऱ्यावर सोडलेले होते. पुष्कळांनी ते केले नाही. रेडिओ बोलायला चालत होता, त्यामुळे काही अपुरे आहे असे कोणाला वाटलेच नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १७ जून १९९९ नंतर मान्यता मिळालेल्या बोटीवर बसवायच्या रेडिओंत डीएससी असणे बंधनकारक झाले. पण जी किमान पातळी ठरवली ती फारच खालची होती. त्या स्वस्त संचांत चॅनेल ७० साठी वेगळा ग्राहक नव्हता. दुसऱ्या चॅनेलवर बोलणे-ऐकणे चालू असताना ७० वर आलेली हाक निसटून जाई. म्हणजे ओरडता येत होते, पण कान नव्हता. २०११ मध्ये ही जुनी पातळी मोडीत निघून वेगळ्या ग्राहकाचे संच सक्तीचे झाले. जीपीएस आतच असलेले रेडिओही पुढे आले आणि वायरीची कटकट पुष्कळ कमी झाली. हे चांगले झाले. पण बोटीवरचा रेडिओ दहा-पंधरा वर्षे सहज टिकतो. जुना संच ‘चालतो आहे’ म्हणून बदलला जात नाही. नियम बदलतो त्या दिवशी समुद्रावरची यंत्रे बदलत नाहीत.

ओळखीचा प्रश्न

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. डीएससीत प्रत्येक बोटीला नऊ अंकी क्रमांक लागतो. त्याला एमएमएसआय म्हणतात. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४१९, अमेरिकेसाठी ३३८ किंवा ३६६ ते ३६९. क्रमांकामागे नोंदवहीत मालकाचे नाव, बोटीचे वर्णन आणि घरचा दूरध्वनी असतो. संकटाची हाक आली की तटरक्षक दल आधी घरी विचारू शकते : बोट बाहेर गेली आहे का? किती माणसे आहेत?

अमेरिकेत १९९६ मध्ये हौशी बोटींना देशांतर्गत फेऱ्यांसाठी रेडिओचा परवाना काढण्याची अट रद्द झाली. कागदपत्रांचा जाच कमी झाला, पण परवान्याबरोबर आपोआप होणारी नोंदही गेली. त्यानंतर तीन वर्षांनी डीएससी सक्तीचे झाले, तेव्हा क्रमांक देण्याचे काम बोटमालकांच्या खासगी संस्थांकडे सोपवावे लागले. रेडिओ दुकानातून मिळतो, क्रमांक दुसरीकडून मागवावा लागतो आणि तो रेडिओत भरण्याचे काम तिसऱ्याच माणसाचे असते. ब्रिटनमध्ये असे नाही. तेथे नौकेच्या रेडिओ परवान्याबरोबरच क्रमांक मिळतो आणि रेडिओ चालवणाऱ्याला डीएससीसह प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. अमेरिकन हौशी मासेमाराला देशातल्या देशात असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

क्रमांक भरतानाही गंमत आहे. हवेतून जाताना त्याच्यावर तीन पहारे असतात हे आपण पाहिले. पण क्रमांक मुळातच चुकीचा भरला गेला तर तो ओळखण्याची सोय त्या नऊ अंकांत नाही. पुस्तकांच्या आयएसबीएनमध्ये शेवटचा अंक तपासणीचा असतो, आपल्या आधार क्रमांकातही असतो. एमएमएसआयमध्ये नाही. मनाला येईल तो आकडा भरला तर फार तर यंत्र तो पुन्हा एकदा भरायला लावील. तो खरा की खोटा हे त्याला कळत नाही. वाटेवर कडेकोट बंदोबस्त आणि उंबरठा मात्र मोकळा, असा हा प्रकार आहे.

उलट, एकदा भरलेला क्रमांक बदलणे अवघड करून ठेवले आहे. बहुतेक संचांत तो एक-दोनदाच भरता येतो, पुढे संच उत्पादकाकडे पाठवावा लागतो. गैरवापर टाळण्यासाठी हे केले, हे मान्य. पण बोटी विकल्या जातात. नवा मालक जुन्या मालकाच्या ओळखीने समुद्रात फिरतो. उद्या त्याने लाल बटण दाबले तर दूरध्वनी जुन्या मालकाच्या घरी खणखणेल. तो दिवाणखान्यात बसलेला सापडेल, आणि हाक चुकून गेली असे कोणाला वाटले तर नवल नाही.

मित्राला हाक

आतापर्यंत आपण संकटाचा विचार केला. डीएससीचा दुसरा उपयोग रोजच्या हाकांसाठी आहे, आणि हौशी मासेमारांत तो फारच दुर्लक्षित आहे.

सुटीच्या दिवशी चार्ल्सटनहून गल्फ स्ट्रीम प्रवाहाकडे निघालेल्या सात-आठ मीटरच्या बोटी डोळ्यांसमोर आणा. टूना किंवा माही-माही मिळवायचा तर किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर जावे लागते. बोटी एकमेकींपासून काही किलोमीटरवर पांगलेल्या असतात. मित्राशी बोलायचे तर रीत अशी : चॅनेल १६ वर त्याचे नाव घेऊन हाक मारायची, त्याने ओ दिली की दुसऱ्या चॅनेलवर जायचे. तो गळाशी झुंजत असेल तर पुन्हा हाक, पुन्हा खरखर. संकटासाठी राखलेला चॅनेल अशा हाकांनी भरून जातो.

डीएससीत मित्राचा क्रमांक यादीतून निवडायचा, बोलण्याचा चॅनेल ठरवायचा आणि कळ दाबायची. फक्त त्याच्याच रेडिओची घंटी वाजते. त्याने होकार दिला की दोन्ही संच ठरलेल्या चॅनेलवर जातात. हाक चुकली तरी कोणी केली ते पडद्यावर राहते. एखाद्या गटाला शून्याने सुरू होणारा सामाईक क्रमांक घेऊन सर्वांना एकदम हाक देता येते. शिवाय ‘तू कुठे आहेस?’ अशी स्थानविनंती पाठवता येते आणि उत्तरात मित्राच्या बोटीचे अक्षांश-रेखांश येतात.

मग हे वापरत का नाहीत? काही कारणे खरी आहेत. नऊ अंकी क्रमांक छोट्या कळांनी भरायचा, हलत्या बोटीत, ओल्या हातांनी, एकात एक दडलेल्या यादीतून वाट काढत. संच बनवणाऱ्यांनी ही सोय केवळ नियमापुरती बसवली, माणसासाठी नाही, असे अनेक संच हाताळताना वाटत राहते. शिवाय मित्राच्या रेडिओतही क्रमांक भरलेला हवा.

काही कारणे मात्र गैरसमजाची आहेत, आणि त्यांना जाहिरातबाजीनेही हातभार लावला. ‘टेलिफोनसारखी खासगी हाक’ असे या सोयीचे वर्णन केले जाते. घंटी खासगी असते, बोलणे नाही. पुढचे संभाषण उघड्या चॅनेलवर होते आणि कोणीही ते ऐकू शकतो. मासा लागलेली जागा गुपित ठेवू पाहणाऱ्या मासेमाराला हे लवकरच कळते आणि तो या सोयीवर फुली मारतो. स्थानविनंतीचेही तसेच. आपली जागा मित्राच्या पडद्यावर उमटू नये म्हणून तो ती बंद करतो. यात गैर काही नाही. बहुतेक संचांत अशा विनंतीला आपोआप उत्तर द्यायचे, विचारून द्यायचे की द्यायचेच नाही हे ठरवता येते, आणि उत्तर बंद ठेवले तरी लाल बटणाच्या हाकेत स्थान जातेच. पण हा फरक त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

रोजची हाक हीच तपासणी

या लेखातील माझा मुख्य मुद्दा येथे येतो. लाल बटण चालते की नाही हे दाबून पाहता येत नाही; उगाच दाबले तर शोधपथक निघते. चुकून दाबले गेलेच, तर यंत्र बंद करून गप्प बसू नये. चॅनेल १६ वर येऊन, चूक झाली, हाक रद्द, असे स्वतः सांगावे लागते. म्हणजे हे असे यंत्र आहे की ज्याची परीक्षा नेमकी बुडताना होणार. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे पटणारे नाही. जे उपकरण कधी तपासलेच नाही त्याच्या वाचनावर आपण प्रयोगशाळेतही विश्वास ठेवत नाही.

मित्राला दिलेली रोजची हाक ही तपासणी फुकटात करून देते. मित्राच्या पडद्यावर आपला क्रमांक उमटला, म्हणजे तो भरलेला आहे आणि बरोबर आहे. घंटी वाजली, म्हणजे प्रक्षेपक, अँटेना आणि चॅनेल ७० ऐकणारा ग्राहक शाबूत आहेत. त्याने आपले स्थान विचारले आणि उत्तर मिळाले, म्हणजे जीपीएसची वायर जोडलेली आहे. उत्तरात दहा नऊ आले तर दोष कळला, आणि तोही शांत समुद्रात, चहाचा पेला हातात असताना. यंत्राकडूनही तपासून घेता येते. अमेरिकन तटरक्षक दलाने ००३६६९९९९ हा क्रमांक चाचणीच्या हाकांसाठी ठेवला आहे. त्याला हाक दिली की माणसाला तसदी न देता यंत्रच पोच पाठवते. यातला प्रत्येक उपाय बिनखर्चाचा आहे.

आणि मित्राची गरज केवळ तपासणीपुरती नाही. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा असते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. बोटीवरच्या तीन मीटर उंच अँटेनासाठी ते सुमारे ७ किलोमीटर. किनाऱ्यावरच्या शंभर मीटर उंच मनोऱ्यासाठी ४१. दोहोंची बेरीज ४८ किलोमीटर. गल्फ स्ट्रीम शंभरेक किलोमीटरवर आहे. म्हणजे तेथून किनारा ऐकू शकत नाही. ऐकू शकतात ती सुमारे १४ किलोमीटरच्या आतली इतर बोटींवरची माणसे, म्हणजे मित्रच. संकटाची हाक त्यांच्या संचावर कर्कश गजर करून येते आणि स्थान दाखवते. अशा वेळी मित्राने डीएससीने पोच द्यायची नसते. चॅनेल १६ वर कान ठेवायचा, कोणी उत्तर देत नसेल तर स्वतः तोंडी उत्तर द्यायचे, हाक पुढे पोहोचवायची आणि मदतीला निघायचे. ज्याने कधी साधी हाकही डीएससीने घेतलेली नाही, तो हा गजर ऐकून पहिली कळ कोणती दाबील? गजर बंद करण्याची.

आक्षेप आणि उत्तरे

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे. पण किनारा सोडला की मोबाइलचे जाळे लवकर विरते, आणि मोबाइलवरची हाक एकालाच ऐकू जाते. शेजारच्या बोटीवरील अनोळखी माणसाला ती ऐकू येत नाही, आणि बहुधा तोच सर्वांत आधी पोहोचणार असतो. कोणी म्हणेल, एवढ्या लांब जाणाऱ्याने ४०६ मेगाहर्ट्‌झचा उपग्रह-संकेतक जवळ ठेवावा. हे अगदी खरे आहे, तो ठेवलाच पाहिजे. पण तो संकेत उपग्रहामार्गे बचाव केंद्राला जातो. पाच किलोमीटरवर गळ टाकून बसलेल्या मित्राचा रेडिओ त्याने वाजत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : दोष यंत्राचा असताना वापरणाऱ्याला अभ्यास का सांगता? आक्षेप मला मान्य आहे. क्रमांक विक्रीच्या वेळीच नोंदवून घेणे, तपासणीचा अंक असलेली ओळख ठरवणे, जीपीएस जोडलेला नसेल तर पडद्यावर सतत आणि ठळक सूचना दाखवणे, बोट विकताना क्रमांक बदलण्याची सोपी रीत ठेवणे, ही कामे उत्पादकांची आणि नियम करणाऱ्यांची आहेत. ती आधीपासून झाली असती तर २०१० चा तो इशारा देण्याची वेळच आली नसती. पण यंत्र सुधारेपर्यंत समुद्र थांबत नाही.

आपल्या किनाऱ्यासाठी

हौशी मासेमारीचे हे चित्र अमेरिकेचे आहे. आपल्या किनाऱ्यावर समुद्रात जाणारा माणूस मुख्यतः पोटासाठी जातो. पण संकटाचे बटण त्याच्याही हाती येत आहे. इस्रोने तयार केलेले, उपग्रहामार्गे संकटसंदेश पाठवणारे उपकरण २०१० पासून मच्छीमार नौकांवर वापरात आले. पहिल्या पिढीच्या उपकरणात संदेश जाई, पण तो पोहोचल्याची पोच नौकेवर येत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत ती सोय झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, किनारी राज्यांतील एक लाख मच्छीमार नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा आरंभ झाला.

उपकरण बसवले म्हणजे काम झाले असे मानायचे नसेल, तर अमेरिकेतील अनुभवावरून तीन प्रश्न विचारावे लागतील. या यंत्रात नोंदलेले नाव आजच्या मालकाचे आणि तांडेलाचे आहे का? त्याने पाठवलेले स्थान खरे आहे, हे शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले? आणि लाल बटणाखेरीज त्यातली एखादी सोय नौकेवरची माणसे रोज वापरतात का? तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे आपोआप मिळत राहतील.

किनाऱ्यावरच्या शाळांतील शिक्षकांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. शून्ये मोजण्याचा खेळ वर्गात घ्यावा. वर्गमुळाच्या सूत्राने आपल्या बंदरातील मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज काढावे. मग मुलांना घरी विचारायला सांगावे, ‘आपल्या बोटीवरचे यंत्र आपल्याला ओळखते का?’ चार्ल्सटनच्या त्या पहाटे हाक पोहोचली होती. नाव आणि ठिकाण पोहोचले नव्हते. नंतरच्या यंत्राने त्या दोन्ही गोष्टींसाठी जागा करून ठेवली. त्या जागी खरे अंक जातात की दहा वेळा नऊ, हे मात्र बोट बंदरात असतानाच ठरलेले असते.